मंगळवार-शुक्रवारची शेगडी

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. आभाळ स्वच्छ. गोधड्यांना ऊन दिलं. शेगडी पुन्हा रुसली, सूनबाईने चूल पेटवली. उद्या फिटर शेगडी परत न्यायला येणार.

सासूबाईंनी वही मिटली तेव्हा सून डोळे चोळत बसली होती. ती गावातली शिंपीण. चुलीच्या धुराने तिचे डोळे इतके चुरचुरत की सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. महिन्यापूर्वी छपरावर सोलर पॅनेल बसलं, खाली विजेची शेगडी आली आणि दोरा पुन्हा पहिल्या फटक्यात जाऊ लागला. पण मधूनच दुपारचा भात कच्चा राही. फिटर दोनदा आला, दोन्ही वेळा चारनंतर, आणि तेव्हा शेगडी ठणठणीत!

"वहिनी, शेगडीत दोष नाही. तुम्हालाच जमत नाहीये. दुसरीकडे मागणी आहे, शनिवारी परत नेतो," असं तो दुसऱ्या वेळी बजावून गेला होता.

शिंपीण रडली नाही. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई ती.

"आई, तुमची वही बघू?"

"अगं, तुझ्याबद्दलही लिहिलंय त्यात!"

"असू दे हो. मला फक्त शेगडी कधी रुसली ते हवंय."

सासूबाई वाचत गेल्या, ती खडूने फरशीवर वार मांडत गेली. मंगळवार. शुक्रवार. परत मंगळवार. आणि दर वेळी शेजारी तेच वाक्य: गोधड्यांना ऊन दिलं.

"आई, ऊन कुठे देता?"

"छपरावरच्या त्या काळ्या पाटीवर. मस्त तापते. सगळी कुठे झाकते? एक कोपरा. तीन वाजता काढतेही."

शिंपिणीला हसू आवरेना. सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे चोर घरातच?"

"चोर गोधडी. तुम्ही तर पुरावा लिहून ठेवलात!"

दुसऱ्या दिवशी तिने फिटरला भर बारा वाजता बोलावलं. शेगडीवर डाळ खदखदत होती. तिने छपरावर चढून कोपऱ्यावर गोधडी टाकली. डाळ गप्प झाली. गोधडी ओढली, डाळ पुन्हा बोलू लागली.

फिटरने कान खाजवला. "कोपऱ्यावर सावली पडली तरी जोर जातो, हे मीच सांगायला हवं होतं."

"आता दुसऱ्या घरी सांगा. आणि आधी त्यांच्या गोधड्या कुठे वाळतात ते बघा."

तो रिकाम्या हाती गेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. परसात गोधड्यांसाठी नवी दोरी बांधली.