सड्यावरच्या चढावर आलेला आवाज

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी मालवणला आमच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, मी एक बाईक चढाला घातली आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून आवाज आला... पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी थ्रॉटल सोडला, इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत खाली आणली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... याला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमधलं इंधन ठिणगीमागोमाग शिस्तीत जळण्याऐवजी स्वतःहून भडकतं. फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं.

आणि गाडी माझी नव्हती.

ती दोडामार्गच्या समीरची. तो मातीतल्या शर्यतींत उतरतो, चढावर मागे पडतो, म्हणून त्याला ताकद वाढवून हवी होती. गाडी रस्त्यावर चालत नाही, पिकअपमधून येते आणि जाते. पुण्यातली इंजिन टेस्टिंगची नोकरी सोडून घरी आल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम... ते फसलं असतं तर या भागात कुणी मला प्लग बदलायलाही गाडी दिली नसती.

काम नीट केलं होतं. नवा पिस्टन, नवा कॅम, पोर्ट घासून साफ, मोठा कार्ब्युरेटर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवा किती पट दाबली जाते ते, साडेनऊवरून अकरावर. अकरा हा काही अचाट आकडा नाही, पण तो चुकीला जागा ठेवत नाही. आदल्या संध्याकाळी सड्यावर गाडी स्वच्छ ओढत होती... म्हणूनच जास्त भीती वाटली. एका रात्रीत काय बदललं?

ठिणगीचं टायमिंग तपासलं, बरोबर. थोडं मागे घेऊन पुन्हा चढावर नेली, आवाज तसाच. मग हेड उतरवलं. पिस्टनवर अजून खड्डे नव्हते, एवढाच दिलासा. प्रत्येक माप पुन्हा घेतलं आणि प्रत्येक माप बरोबर आलं. माप चुकलेलं सापडलं असतं तर बरं वाटलं असतं, खरंच.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते मासेमारी करतात. छोटी होडी, तिला जुनं इंजिन, पेट्रोलवर सुरू होणारं आणि मग रॉकेलवर चालणारं. मी नोकरी सोडली तेव्हा ते एकदाच बोलले होते, "हेच्यासाठी इतक्या शिकलंस?" त्यानंतर तो विषय नाही. मी काम करत असताना ते शेडमध्ये कधी आले नाहीत, आणि मीही कधी बोलावलं नाही. आम्ही दोघंही कमी बोलतो.

समीर रविवारी येणार होता. शनिवारी दुपारी मी शेडच्या पायरीवर बसून त्याला मेसेज लिहीत होते. 'इंजिन तयार नाही' एवढं झालं. 'कारण सापडलेलं नाही' हे वाक्य मात्र टाईप करायचे आणि पुसायचे...

बाबा जाळं खांद्यावर टाकून जात होते, ते थांबले. "काय झाला गो बाय?"

कधी नव्हे ते मी सगळं सांगितलं. आवाज, टायमिंग, मापं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी सहज म्हणाले, "टाकीत पेट्रोल तळाक लागलेला. म्हणान शुक्रवारी सकाळी माझ्या कॅनातला घातलंय."

मी विचारलं, कुठल्या कॅनमधलं? त्यांनी होडीच्या कॅनकडे बोट दाखवलं. पेट्रोल आणि रॉकेल दोन्हीसाठी तोच कॅन, त्यामुळे रॉकेल मिसळलेलं पेट्रोल... त्यांचं जुनं इंजिन ते मुकाट्याने पितं. अकराच्या कॉम्प्रेशनला ते विष आहे, एवढ्या दाबाखाली रॉकेल स्वतःहून भडकतं.

मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "रिकाम्या टाकीन कोणाक भायर धाडतत काय?"

आमच्या घरात कुणी समुद्रावर निघालं की मागे राहणारा टाकी भरून देतो. बाबांची टाकी लहानपणापासून कितीदा मी भरली आहे. आणि वास? त्या वासात मी वाढले, माझ्या नाकाला तो वेगळा कळतच नाही. पेट्रोल मी स्वतः आणलेलं होतं, त्यामुळे तेवढंच सोडून मी बाकी सगळं तपासलं होतं.

टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर धुतला, ऑईल बदललं, टायमिंग जागेवर आणलं, हेड चढवलं. संध्याकाळी पुन्हा सड्यावर गेले. बाबा न सांगता मागून आले आणि चढाच्या पायथ्याशी उभे राहिले. दुसरा गिअर टाकला, कान इंजिनाकडे... काही नाही. तिसरा. गाडी सरळ वर गेली. खाली आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवाज बरो येता."

रविवारी समीरला मी सगळं सांगितलं, रॉकेलसकट. पिस्टनचे फोटो दाखवले. तो बराच वेळ फोटो मोठे करून बघत राहिला, आणि तो वेळ मला चढापेक्षा जड गेला.

तेवढ्यात बाबा पेट्रोलचा नवा लाल कॅन घेऊन आले. त्यांनी झाकण उघडून कॅन समीरच्या नाकाशी धरला. "तुमी वास घेवन बघा. आमच्या दोघांच्या नाकांचो काय भरवसो नाय."

समीर हसला. मग मीही हसले... दोन दिवसांत पहिल्यांदा. तो स्वतः सड्यावर फेरी मारून आला आणि गाडी पिकअपमध्ये चढवताना म्हणाला, मित्राचीही एक आहे, पाठवू का?

तो लाल कॅन आता शेडच्या दाराशी असतो. मी टेस्टला निघाले की टाकी बाबा भरतात, आणि तोवर मी थांबते. मला वाटायचं, ते माझ्या कामाकडे बघतही नाहीत. पण त्या शुक्रवारी पहाटे, मी उठायच्या आधी, त्यांनी मला समुद्रावर निघालेल्या माणसासारखी टाकी भरून दिली होती.