आप्पांचे कान आणि एक डब्ल्यूपी इंजिन

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक तरुण शिरूरला माझ्या घरी आला. डब्ल्यूपी जातीच्या वाफेच्या इंजिनांचा इतिहास तो लिहीत होता. माझे वडील, म्हणजे आप्पा, दौंडच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये बॉयलरमेकर होते हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आप्पांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पोरगा मनापासून बोलत होता. स्वातंत्र्याच्या सुमारास पहिली डब्ल्यूपी अमेरिकेतून कशी आली, मग कॅनडातून, पोलंडमधून, ऑस्ट्रियातून कशी आली आणि शेवटी चित्तरंजनला कशी बनू लागली, हे त्याने मलाच समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. लहानपणी आम्ही रेल्वे क्वार्टरमधल्या मुली तिला ‘नाकवाली’ म्हणायचो. बाकीच्या इंजिनांचं तोंड चपटं, हिचं मात्र पुढे निमुळतं आणि त्यावर रंगवलेली चांदणी. आधी ती मेल ओढायची. डिझेल आलं तशी तिची मेल गेली आणि आमच्या वाट्याला आली ती मनमाडची, सोलापूरची पॅसेंजर ओढणारी, अंगावर पाण्याचे पांढरे ओघळ वाळलेली म्हातारी.

त्याने सोबत आणलेल्या इंजिनांच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हे दौंडचं इंजिन. कंडम केलं. कारण लिहिलंय, बॉयलर जीर्ण. तुम्हाला याबद्दल काही आठवतं?”

“नाही,” मी म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मला सगळं आठवत होतं.

पंधरवड्यातून एकदा इंजिन गार करून त्याचा बॉयलर धुवायचे. मग आप्पा भट्टीच्या दारातून आत शिरायचे. भट्टीचा पत्रा बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारे शेकडो बोल्ट असतात, त्यांना ‘स्टे’ म्हणतात. आप्पा एकेका स्टेवर हातोडी मारून आवाज ऐकायचे. धड असला तर तो खणखणतो, तुटलेला असला तर बद्द वाजतो. सगळं काम कानाचं. आणि त्या बंद लोखंडी पेटीत वीस वर्षं हातोडी मारून त्यांचे कानच गेले.

मला ते अकरावीत असताना कळलं. आई त्याआधीच गेली होती, घरी आम्ही दोघंच. एकदा मी त्यांच्या पाठीमागे परात पाडली, तरी ते वळले नाहीत. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलंय हे ते समजले.

“कुनाला बोलू नगं,” ते म्हणाले. “मला बोटानं कळतंय.”

मग त्यांनी मला एक धड तांब्या आणि एक चिरलेला तांब्या आणायला सांगितला. डोळे मिटले, डाव्या हाताची तीन बोटं तांब्याला टेकवली आणि म्हणाले, “मार चमच्यानं.” मी हवे तसे तांबे बदलून दहा-बारा वेळा मारलं. ते एकदाही चुकले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला. शेडमध्येही ते तसंच करायचे. उजव्या हातात हातोडी, डाव्या हाताची बोटं पत्र्यावर. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका संध्याकाळी ते डावा हात छातीशी धरून घरी आले. दोन पत्र्यांच्या मधे तीन बोटं चेचली होती. मी हळद लावून चिंधी बांधली. सकाळी बोटं वांग्यासारखी सुजली होती आणि त्या दिवशी एका डब्ल्यूपीचा बॉयलर बघायचा होता.

“सिकमधी जातो, रजा टाकतो,” आप्पा म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. “न्हाई. डाक्टर सगळंच तपासंल. कान बी बघंल.”

कान बघितले असते तर बॉयलरचं काम सुटलं असतं. मग कुठे ओझी उचलायला खलाशी म्हणून टाकलं असतं, नाहीतर घरी बसवलं असतं, आणि क्वार्टर सुटलं असतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. मी म्हणाले, “एकच दिवस आहे आप्पा. अंदाजाने बघा.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. “अंदाजानं?”

“इतकी वर्षं बघताय. तुम्हाला नजरेनेही कळत असेल.”

ते गेले. दुपारी आले, जेवले. मी विचारलं, “झालं का?” ते म्हणाले, “रजिस्टरात सही केली.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ते इंजिन मनमाड पॅसेंजरला लागलं. त्यावर फायरमन होते आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले चाचा. तीस-बत्तीस वय, लग्नाला दोन वर्षं झालेली. गाडी भीमेचा पूल ओलांडून पुढे गेली, चाचांनी कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडलं आणि त्याच वेळी आत स्टे सुटून पत्रा फाटला. वाफ दारातून बाहेर आली. ड्रायव्हर बाजूला होते, ते वाचले. चाचांचं तोंड, मान आणि दोन्ही हात भाजले.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांच्या ओठांकडे आप्पा टक लावून उभे राहिले. साहेबांनी विचारलं, “ठोकून बघितलं होतं?” आप्पा म्हणाले, “व्हय साहेब.” तेवढंच. क्षाराच्या जड पाण्याने पत्रा खाल्ला, इंजिन जुनं, दुरुस्ती परवडायची नाही, असा निकाल निघाला. वाफेची इंजिनं तशीही जाणारच होती. ते इंजिन साइडिंगला नेऊन उभं केलं आणि पुढे ते तोडलं. आप्पांवर ठपका आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

चाचा सहा महिन्यांनी दवाखान्यातून आले. एक डोळा गेला होता, बोटं एकमेकांना चिकटली होती. त्यांना पार्सल ऑफिसात हलकं काम मिळालं. आप्पा तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांना स्टेशनवर चहाला घेऊन जायचे. चाचांना कप धरता येत नसे. आप्पा बशीत चहा ओतून, फुंकर घालून त्यांच्या तोंडाला लावायचे. रिटायर झाल्यावरही. पंचवीस वर्षं. लोक आप्पांचं नाव घ्यायचे. चाचा मला म्हणायचे, “बेटा, तुझा बाप नसता तर मी कवाच रुळावर जाऊन पडलो असतो.”

शेवटच्या आजारात आप्पांनी मला एकदाच विचारलं, “सांगू का त्याला?”

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, ‘आता कशाला?’

त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला.

तो तरुण येऊन गेला आणि माझी झोप उडाली. आठ दिवसांनी मी न्हावऱ्यामार्गे जाणारी एस.टी. पकडून दौंडला गेले. चाचा मुलाकडे राहत होते. मुलगा कुरकुंभला कंपनीत, पहिल्या पाळीला गेलेला. सून आत भाकरी करत होती. चाचा ओट्यावर बसले होते. तो तरुण त्यांच्याकडेही येऊन गेला होता आणि चाचा त्यामुळे खूश होते.

“आमचं इंजिन पुस्तकात येनार म्हनं,” ते म्हणाले. “बिचारं म्हातारं हुतं. त्याचा काय दोष. त्याचं नशीब आन् माझं नशीब एकच.”

मी सांगितलं. कान, तांब्या, बोटं, चिंधी. ‘अंदाजाने बघा’ हेही सांगितलं.

ते ओट्यावर माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, “त्याला ऐकूच येत नव्हतं?”

“नाही.”

“आन् तुला ठावं हुतं.”

“हो.”

“मला वाटायचं, म्हातारपनात भैरा झालाय.” त्यांनी आपले चिकटलेले हात मांडीवर ठेवले. “मंग त्यो रोज यायचा, त्यो माझ्यासाटी न्हाई यायचा.”

“तुमच्यासाठीच यायचे, चाचा.”

“न्हाई.” ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. “त्यो हुता तवा का न्हाई सांगितलं? मी त्याला शिव्या दिल्या असत्या. मारलं असतं. मंग चार दिसांनी पुन्ना च्या प्यायला गेलो असतो. आता मी कुनाला मारू? मला एकच मानूस हुता. तू त्यो बी नेलास.”

मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “जा बेटा. गाडी चुकंल तुझी.”

मला वाटलं होतं की सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, आणि एका म्हाताऱ्या माणसाकडे जी एकुलती गोष्ट उरली होती ती मी काढून घेतली. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला. अब्बा संध्याकाळी बाहेर पडत नाहीत, स्टेशनकडे चला म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतात, तुमच्याशी काही बोलणं झालं का? मी म्हणाले, तब्येतीचंच बोलणं झालं. पुन्हा खोटं. हिवाळ्यात चाचा गेले. मी मयतीला गेले, बायकांमध्ये बसले. सुनेने मला पाणी दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, “यांच्या वडिलांनी आमच्या अब्बांना हाताने चहा पाजला.” चाचांनी घरात कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बायका माझ्याकडे मायेने बघत होत्या. एकीने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

त्यानंतर मी त्या तरुणाला सगळं लिहून पाठवलं. त्याने लगेच फोन केला. अगदी अदबीने बोलला.

“मॅडम, वाचून वाईट वाटलं. पण पुस्तक छापायला गेलंय. आणि खरं सांगू का, माझ्याकडे शेडच्या तपासणी रजिस्टरची झेरॉक्स आहे. तुमच्या वडिलांची सही आहे, सगळे स्टे ठीक म्हणून. त्याच्या विरुद्ध काही कागद असेल तर पुढच्या आवृत्तीत बघू.”

“कागद नाही,” मी म्हणाले.

“कुणी साक्षीदार?”

मी म्हणाले, कुणी नाही. त्याने काळजी घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. पुस्तक आलं तेव्हा मी ती ओळ शोधली. शेवटच्या रकान्यात छापलं होतं, बॉयलर जीर्ण.