बाबांचं मरण आणि माझा फॉर्म

मोर्शीच्या स्टँडवर अमरावतीची बस लागली होती. निघताना आईनं तळहातावर घातलेलं दही मी घरीच चाटून आले होते, तरी हात चिकट वाटत होता. पोचवायला आलेल्या शेजारणी डोळे पुसत होत्या. आई रडली नाही. बस हलताना ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "शीक मन लावून. पन तुह्या बापाचं पुन्हा कोन्या कागदावर तसं लिहू नको."

याला बरीच वर्षं झाली. मी आता उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात नोकरी करते. कोणता कागद अस्सल, कोणता मागाहून घुसवलेला, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या फाइल काखेत मारून निघून गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

बाबांची संत्र्याची बाग होती. पेटी भरताना वर मोठी फळं आणि तळाला बारकी, डागी फळं लपवायची, ही आमच्याकडची सर्रास रीत. बाबा तसं करत नसत. गवत अंथरून ते तळापासून एकसारखी फळं लावत आणि मला म्हणत, "घेनारा पेटी उलटी करून पाहीन, असं समजून भराव."

ते गेले अकोल्याला, जठारपेठेत, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात. पंगतीत दोन जिलब्या मागून घेतल्या, व्याह्यांची काहीतरी थट्टा केली, हात धुवायला उठले आणि कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या वर्षांत आमच्या भागात कुणीही शेतकरी गेला की लोक आवाज खाली करून विचारत, "कसा गेला?" बाबांबद्दल विचारलं की आई आवाज न उतरवता सांगायची, "जेवून, हसून गेला मानूस." तिच्या दुःखात तेवढा एक अभिमान होता.

तीन वर्षांनी मला इथल्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. फीपुरतं शैक्षणिक कर्ज अमरावतीच्या बँकेनं मंजूर केलं, पण जामीनदार हवा होता. बाबांची फळं वर्षानुवर्षं घेणारे अमरावतीचे बागवान, रहीमचाचा, दुकान बंद करून बँकेत आले. मॅनेजरनं विचारलं, मुलगी परत आली नाही तर? चाचा हसले. "साहेब, इसके बाप की पेटी मैंने कभी उलटी करके नहीं देखी. याच्यात काय पाहू?" आणि त्यांनी सही केली.

राहण्याखाण्याचा खर्च कर्जात बसत नव्हता. मुंबईचा एक ट्रस्ट आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत देत असे. अर्जाला वडिलांचा फोटो, मृत्यूचा दाखला आणि दोन पानी निवेदन लागत होतं. दाखल्यावर मृत्यूच्या कारणाचा रकाना नसतो. मी वाचणारी मुलगी, मला लिहिता येत होतं. गारपीट, पडलेले भाव, गोठ्यातला फवारणीच्या औषधाचा डबा, सगळं नीट रचून लिहिलं. वाचताना माझेच डोळे भरून आले, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

चौकशीला ट्रस्टच्या एक मॅडम घरी येणार हे मी आईला सांगितलं. काय लिहिलं आहे ते सांगितलं नाही. मॅडम चटईवर बसल्या, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी ते काही बोलले होते का?"

आईनं सरळ सांगितलं, "जिलबी मांगून घेतली त्याइनं. दोन. हसत व्हते."

मॅडमनी डोळे टिपले. "जायचं ठरलं की माणसं अशीच शांत होतात," असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग ती चहा करायला आत गेली, तो चहा काही बाहेर आला नाही.

मॅडमची जीप गेल्यावर ती चुलीपुढूनच बोलली. "कावून लिहिलं वं तू असं? तुह्या बापानं काय बिगाडलं व्हतं तुहं?"

"पैसे मिळतात आई. नाहीतर जाता येणार नाही."

"मंग मले विकाचं व्हतं. मी जित्ती हावो."

पैसे मिळाले. मी गेले. पहिल्या हिवाळ्यात हीटरच्या मीटरमध्ये नाणी टाकताना दर वेळी वाटायचं, ही ऊब बाबांच्या खर्चानं आहे. नोकरी लागल्यावर बँकेचं कर्ज फेडलं, चाचांना मोकळं केलं. ट्रस्टलाही तेवढीच रक्कम पाठवली, पण कारण लिहिण्याचं धैर्य झालं नाही. त्यांनी ती देणगी समजून मला आभाराचं पत्र पाठवलं. ते मी फाडलंही नाही आणि त्याला उत्तरही दिलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तेरवीनंतर चुलतभावाची बायको वर्षा आणि मी तिची पेटी आवरत होतो. बाबा गेल्यानंतर या घरात आलेली वर्षा, आईचं शेवटचं सगळं तिनंच केलं. लुगड्यांखाली ट्रस्टची जुनी पुस्तिका निघाली, मदत मिळालेल्या मुलांची निवेदनं फोटोसकट छापून घरोघर पाठवलेली. माझ्या निवेदनाच्या पानावर बाबांच्या फोटोच्या जागी चौकोनी भोक होतं.

"काकूनं कापला," वर्षा म्हणाली. "मले म्हने, वाचून दाखव. मी सारं वाचलं. मंग त्याइनं कैची मांगली."

"फोटो कुठं आहे?"

"बटव्यात व्हता. सरनावर त्यायच्या संगंच देला."

मी पान मिटलं. तिनं चाचरत विचारलं, "ताई, काकू तं म्हने, जेवून, हसून गेले. पन काकाजी खरंच या कागदातल्यासारके गेले व्हते? काकूले इचाराची हिंमत नाई झाली."

म्हणजे आमच्याच घरात, आमच्याच माणसाला, बाबा मी लिहिले तसे गेले की काय, अशी शंका होती. मी तिथंच बसून तिला जठारपेठ सांगितली, पंगत सांगितली, जिलब्या सांगितल्या.

"मंग हे कोनं लिहिलं?"

"मी."

ती हातातल्या लुगड्याची घडी घालत म्हणाली, "काकू गेल्या, आता सांगून राहिल्या व्हय तुमी!"

परत आल्यावर मी ट्रस्टला सगळं खरं लिहून ते भोक पडलेलं पान सोबत पाठवलं. इथं कुणी घर कुठं विचारलं की मी मोर्शी सांगते. तिथं आता माझी वाट पाहणारं कुणी नाही. पण परवा फोनवर वर्षा सांगत होती, कुणीतरी बाबांचं विचारलं, तेव्हा ती आवाज न उतरवता म्हणाली, "जेवून, हसून गेले." मला जे बोलायचा हक्क उरला नाही ते जिथं अजून बोललं जातं, ते माझं घर.