दोनशे चौदा नंबरचा जबडा

माझ्या मामाला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. तो दातांचे साचे ओततो, कवळ्या करतो, कॅप करतो आणि झोपेत दात रगडणाऱ्यांसाठी रात्री दातांवर चढवायचे नाइट गार्ड करतो. गावभरचे दातांचे डॉक्टर त्याला प्लास्टरमामा म्हणतात. मी त्याची भाची, सहा वर्षं त्याच्याच हाताखाली. म्हणजे बोलणी खायला हक्काचं माणूस.

साचा हातात आला की मामा सुरू. हा सुतार, खिळे दातांत धरतो, ही बघ खाच. ही शिवणकाम करणारी, दोरा दातांनी तोडते. आणि हा रगड्या, सुळे बघ कसे सपाट करून ठेवलेत. कागदावरचं नाव आधी वाचायचं नाही, नुसता नंबर बघायचा, हा त्याचा नियम. दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं आणि मग दिवसभर स्वारी हवेत.

असा हा पठ्ठ्या स्वतः झोपेत दात रगडतो, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं. गेल्या महिन्यात केळं खाताना त्याच्या दाढेचा कपचा उडाला. हो, केळं खाताना! मामानं केळ्यालाच दोष दिला. डॉक्टरबाईंनी दाढ भरली आणि बजावलं की चीर खाली उतरतेय, गार्ड लावून झोपला नाहीत तर ती मुळापर्यंत जाईल, दाढ हातची जाईल आणि मग शेजारच्यांचा नंबर. मामा असा उखडला म्हणता! मी रगडत असतो तर माझ्या बायकोनं मला सांगितलं नसतं का, म्हणाला.

आता बायकोचं ऐका. नऊ वर्षांपूर्वी मामानं पक्की नोकरी सोडून हा दातांचा कारखाना काढला, तोही मामीला न विचारता. घरात रणकंदन झालं. त्याच महिन्यात मामीनं अंथरूण उचललं आणि ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. ती रागावून गेली, हे मामानं मनाशी धरलं ते धरलंच. दिवसा दोघांचं छान चालायचं, चहा एकत्र, थट्टामस्करी एकत्र. झोपायची वेळ झाली की हा इकडे, ती तिकडे. त्यावर एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं तर मामा म्हणाला, तिच्या मते मी तिच्यावर चिडून आहे, आणि समोरचा साचा उगाच घासत बसला. मामीला विचारायची माझी छाती झाली नाही. चुकलंच माझं.

डॉक्टरबाईंनी दाढ भरताना मामाच्या दोन्ही जबड्यांची मापं घेऊन ठेवली होती. मी ती गुपचूप आणली, साचे ओतले, बुडाला २१४ लिहिलं आणि सोमवारच्या कामात सरकवून दिले. मामानं उचलले तेव्हा प्लास्टर कालवताना माझ्याकडून पाणी दोनदा जास्त पडलं.

त्यानं साचे दिव्याखाली फिरवले. शिट्टी वाजवली. मग पेन्सिलनं झिजलेल्या जागा रंगवायला लागला. एक, दोन, पाच, सात. असा रगड्या जन्मात पाहिला नाही म्हणाला. दिवसा तोंडातून चकार शब्द काढत नसेल आणि रात्री सगळा हिशेब दातांवर काढत असेल. बोलता बोलता त्याचा आवाज उतरला.

"याच्या शेजारी झोपणारी कोण असेल तिचे हाल आहेत गं. भिंतीपलीकडे ऐकू जात असेल हे."

मी म्हणाले, "मामा, ते तुझे दात आहेत."

तो हसला. मी हसले नाही, तसा उठला. हात धुवायच्या जागेचा आरसा खिळ्यावरून काढला, एका हातात आरसा, एका हातात साचा, आणि ओठ वर करून बघायला लागला. मग त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. माझा वाकडा सुळा या बाजूला, याचा त्या बाजूला, पकडलं की नाही, म्हणाला.

"मामा, आरशात उलटं दिसतं."

तीस वर्षांत दुसऱ्याचं डावं-उजवं एकदाही न चुकवलेला माणूस, स्वतःच्या तोंडाशी चुकला. तो मटकन स्टुलावर बसला. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण तो ओठ हलवत काहीतरी आठवत राहिला, मग ताडकन उठला, साचा उचलला आणि एप्रनसकट जिना उतरला. मी मागे धावले. दोन गल्ल्या तो पळत होता, छप्पन्न वर्षांचा माणूस, हातात जबडा घेऊन.

मामी ग्रंथालयात नोकरीला आहे, सोमवारी तिची सुट्टी. ती घरी पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. मामानं साचा तिच्यापुढे ठेवला. धाप लागलेली.

"अंथरूण उचललंस त्या दिवशी तू मला काय म्हणाली होतीस? नेमकं सांग."

मामीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हणणार? तुम्ही दात खाता, मला झोप लागत नाही, म्हणाले."

"मला वाटलं, मी तुझ्यावर दात खातो असं म्हणतेस."

कारखान्यात आम्ही दात 'रगडणं' म्हणतो. 'खाणं' त्यानं फक्त भांडणातच ऐकलेलं, आणि भांडण तर ताजंच होतं. मला हसू फुटलं आणि रडूही. मामी मात्र हसली नाही. साच्यावरच्या पेन्सिलच्या खुणांवरून तिनं एकेक करत बोट फिरवलं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "यांचाच धंदा आहे, आज करतील, उद्या करतील. मग म्हटलं, माझ्या झोपेसाठी यांना एवढंही करावंसं वाटत नाही. सोडून दिलं."

मामीनं कव्हरांचे कागद बाजूला सारले आणि गार्ड करायला किती दिवस लागतात असं मला विचारलं. गिऱ्हाइकांना सांगतो तेच मी सांगितलं, चार दिवस.

"आज," मामा म्हणाला. "आज संध्याकाळी."