दोन मोकळी मनगटे

रोह्यातील एका लहान खासगी रुग्णालयात मी परिचारक आहे; रुग्ण मला ब्रदर म्हणतात. पन्नाशी उलटली आहे. आवाज चढवत नाही, म्हणून लोक मला सौम्य समजतात. त्या दुपारी माझ्या हातांनी काय केले ते पाहिले असते, तर त्यांनी तसे म्हटले नसते.

निडीजवळ टेम्पोने एका दुचाकीला उडवले होते. धाटावच्या कंपनीत कामाला असणारा नवरा आणि मागे बसलेली त्याची बायको. त्याचे डोके फुटले होते; टाके घालायला त्याला थेट आतल्या खोलीत नेले. तिचे उजवे मनगट मोडले होते. सूज वाढत होती, हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या, बोटे काळीनिळी पडू लागली होती. त्या बांगड्या तातडीने काढणे भाग होते. एवढे तिला सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी सांगितले नाही.

आधी सलाईनसाठी मी तिचा डावा, धड हात धरला, बांगड्यांवर कापड टाकले आणि चिमट्याने त्या फोडायला लागलो. आमची ती सवयच.

काच वाजताच ती किंचाळली. "फोडू नका! आमचे ह्ये गेले काय? खरं सांगा, गेले काय?"

"शांत पडा, काही झालेलं नाही," मी म्हणालो. हे वाक्य आम्ही सर्वांनाच ऐकवतो, ज्यांचे माणूस गेलेले असते त्यांनाही. तिने ते तसेच ऐकले.

तिने माझ्या पोटात लाथ मारली. मी गुडघ्याने तिचा दंड खाटेवर दाबला. ती माझ्या हाताला कडकडून चावली. मी तिचे तोंड पंजाने बाजूला रेटले आणि उरलेल्या बांगड्या एकामागून एक फोडल्या. कापड केव्हाच सरकले होते. काच तिच्या कातडीत शिरली, रक्त माझ्या बाहीपर्यंत आले. मग मी मोडलेल्या हाताकडे वळलो. ती ओरडत होती आणि मी हलक्या आवाजात "झालं, झालं" म्हणत होतो.

आयामावशी धावत आल्या. "ब्रदर, उठा आधी! बाईमानूस हाय ती, कोंबडी नाय." मग तिला म्हणाल्या, "गो बाय, तुझा घोव जिता हाय. थांब, दावते तुला."

त्यांनी त्याला चाकाच्या खुर्चीवरून आणले. डोक्याला पट्टी, शर्ट रक्ताने कडक झालेला. "अगो, मी हाय ना," तो म्हणाला. "टाके डोक्याला पडले, तोंडाला नाय."

ती हसली नाही. तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

त्याने आधी मोडलेले मनगट पाहिले, मग डावे. मग माझ्याकडे वळला. "ह्यो मोडला, समजलं. पन ह्यो तर बरा हाय. बांगड्या वर सारून सुई लागली नसती काय?"

लागली असती.

"मी जिता असताना तुमी हिचे दोनी हात मोकळे केलाव."

तिने लाथ मारल्यावर ते काम सलाईनचे राहिलेच नव्हते. मला फक्त जिंकायचे होते.

"कायतरी बांधा," ती पुटपुटली. "मोकळा हात नको."

मी गॉजची पट्टी फाडून पुढे झालो. तिने हात छातीशी ओढून घेतला आणि डोळे मिटले, मार चुकवताना मिटतात तसे. पट्टी मी मावशींच्या हाती दिली आणि खोलीबाहेर गेलो.