काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

आमचा बुद्धघोष लई हट्टी. धाराशिवात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा, दिवसभर लॅपटॉपच्या त्या काळ्या पडद्यापुढं, टर्मिनल म्हणायचा त्याला. तो पडदा सजवायचं वेड असं, की नवरीला कुणी इतकं नटवत नसंल! फॉन्ट बदल, अक्षर जाड कर, रंग पिवळा कर, शून्याच्या पोटात रेघ मार म्हणजे ते इंग्रजी ‘ओ’सारखं दिसायला नको. मी थोरली बहीण, तोंडाची फटकळ. म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तो नुसता हसायचा. अक्षरं मोठी होत होत शेवटी पडद्यावर चार ओळी मावायला लागल्या, तरी घरात कुणाच्या डोक्यात काही आलं न्हाय.

उन्हाळ्यात लॅपटॉप बंद पडला. मल्लिनाथच्या दुरुस्तीच्या दुकानात महिनाभर पडून होता. मल्लिनाथ माणूस भला. त्यानं फोटो, कागदपत्रं, गाणी, सगळं जपून काढलं आणि मशीन कोरी करून दिली. पण बुद्धघोषनं आपली सगळी सेटिंग ज्या फाइलींत लिहिली होती, त्यांच्या नावाआधी टिंब असतं, आणि टिंबवाल्या फाइली सहजासहजी दिसत न्हाईत. न दिसलेलं कोण उचलंल? गेल्या त्या.

मी म्हणलं, तोंड पाडून काय बसलास, लिही की परत. त्यानं स्क्रीनला नाक टेकवलं, तवा मी त्याला खांद्याला धरून मागं ओढलं. मग बोलला. डोळ्यांची नस सुकत चाललीय, औषध न्हाय, असं सोलापूरच्या डॉक्टरनं कधीच सांगितलं होतं. आईनं हाय खाऊ नये म्हणून एकट्यानं गिळून बसला होता. त्या जाड अक्षरांच्या जोरावर नोकरी टिकली होती. आता ती अक्षरं परत लिहायला नजरच उरली न्हवती. लई राग आला मला. असलं दुखणं घरच्यांपासून लपवतं का कुणी!

मीच बसले मग. अंगणवाडीतली बाई मी, इंग्रजी येतं ते अक्षरं ओळखण्यापुरतं. तो तोंडपाठ सांगायचा, मी एकेक बटण दाबायचे. फॉन्ट लागला, पिवळा रंग लागला, शून्यात रेघ आली. तरी तो मान पुढं काढून पडद्याकडं बघतच होता. मी आकार वाढवला. अजून वाढवला. ओळी मावंनात. शेवटी अख्ख्या पडद्यावर एकच शून्य उरलं, ताटाएवढं, मधल्या रेघेसकट.

बुद्धघोष त्या पडद्याकडंच तोंड करून बसला होता.

“आक्का, लागला का फॉन्ट?”

“लावतेय,” मी म्हणलं.