शुद्ध मराठी बोलणारी कानबाई

मी विद्यापीठात वर चढलो होतो, असं आमच्या घरी आल्यागेल्याला सांगतात. खोटं नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिडीवर चढत असे. खालून कुणी प्राध्यापक चिठ्ठी पुढे करी, मी वर जाई, पुस्तक काढी आणि धूळ नाकात घेऊन खाली येई. हंगामी मदतनीस म्हणत त्याला. पण आमच्या गावातला, म्हणजे तापीच्या पलीकडचा, शहाद्याच्या अलीकडचा एक पोरगा सुरतेवरून गाडी बदलून दूरच्या शहरात गेला आणि तिथे पुस्तकांत राहतो, एवढं गावाला पुरे होतं.

आणि पुस्तकं तरी कसली! फारसी कवींची दिवाणं सोनेरी वेलबुट्टीची, त्यांच्या पाठीला पाठ लावून रसायनशास्त्राची जाडजूड जर्मन बाडं. ताडपत्रांच्या जुड्या लाल कापडात बांधलेल्या. त्यांना हात लावायचा तर आधी तो धुतलाय हे दाखवायचं. गलबतांचे नकाशे, जैन साधूंनी उतरवलेल्या पोथ्या, गुजराती नाटकांतल्या पदांची चोपडी, आणि हत्तीला होणाऱ्या आजारांवरचा एक गलेलठ्ठ ग्रंथ. तो ग्रंथ मी सोडून कुणी उघडला नसावा. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरच्या बोलीचं व्याकरणही होतं. दुपारी शिडीच्या वरच्या पायरीवर बसलं की वाटायचं, सगळं जग इथे दाटीवाटीने पण न भांडता नांदतंय. आमच्या भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला त्यातली नवलाई कळेल.

एकदा तो हत्तींचा ग्रंथ हातून निसटला आणि माझ्या पायावर आला. मी ओरडलो, "अरे बाप रे, मन्हा पाय!"

ग्रंथपालसाहेब खालीच उभे होते. पायाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "ही कोणती भाषा?"

"काही नाही साहेब. घरची."

"काही नाही कशी? आमच्याकडे तर ती नाही." त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली. "त्या बेटावरची आहे. तुमची नाही. गाणीबिणी असतील ना तुमच्यात?"

मी म्हटलं, श्रावणात आमच्या कानबाई देवीची असतात. साहेब म्हणाले, श्रावणात रजा घ्या, ती उतरवून आणा, मग तुमच्या कायमच्या नेमणुकीचं बोलू. दुसरा एक उमेदवारही होता. रजा संपल्याच्या दिवशी जो हजर असेल त्याचा विचार होणार, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून ठेवलं. मला तेवढंच हवं होतं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात मला कपाशीत उभं करायचं होतं आणि मला उरलेला जन्म शिडीवर काढायचा होता.

नंदुरबारच्या स्टेशनावर उतरलो, बैलगाडीने तापी गाठली, नावेतून पलीकडे गेलो. नदी तेव्हाच फुगत होती. आबांनी माझी वही पाहिली आणि विचारलं, "किती दिन शे?" मी सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. आबांचा हा "हं" ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

आमच्याकडे कानबाई रविवारी बसते, सोमवारी नदीत जाते. तिची गाणी माझ्या थोरल्या काकूला, मोठ्या मायला, जेवढी येत तेवढी पंचक्रोशीत कुणाला येत नसत. दिवे लागले तशी ती बायकांत बसून गायला लागली आणि मी खांबाला टेकून लिहायला लागलो. झरझर लिहीत होतो. मोठी माय मधूनच माझ्याकडे पाही आणि आवाज चढवी. आपलं गाणं कागदावर बसतंय म्हणून तिलाही जरा चढली होती.

आता रोटांचं सांगायला हवं, कारण मी त्यातच अडकलो. कानबाईचे रोट म्हणजे पुरण भरलेल्या मोठ्या जाड पोळ्या. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची एकेक मूठ घालायची, ते गहू घरी दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. हात धुतल्याचं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. आणि आमच्या घरची रीत अशी की रोट सरेपर्यंत कुणी तापी ओलांडायची नाही. ओलांडली तर त्याची मूठ मोडली. मूठ मोडली म्हणजे काय, हे घरात कुणी मोठ्याने सांगत नसे.

मी हिशेब केला होता, दोन-तीन दिवसांत रोट संपतील. सकाळी दुधात कुस्करून खाल्ले, दुपारी तुपाशी, संध्याकाळी नुसतेच. टोपली काही खाली जाईना. पोटात शिसं भरल्यासारखं झालं. बाहेर पाऊस, दारात चिखल, पुढे नदी, आणि घरात जो तो मला बघून म्हणे, "खाई ले भाऊ, तुले जानं शे ना?"

शेवटी मी मोठ्या मायला विचारलं की यंदा रोट एवढे कसे. ती पदराआड हसली. "तुन्हा बापले इचार. तुन्ह्या पोरेसन्या मुठी बी त्यानी टाक्यात."

माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं! आबांनी माझ्या न झालेल्या मुलांच्या नावाने गहू घातले होते आणि त्यांचे रोट मी खात होतो.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "आबा, हाई काय शे?"

"काय शे? वंश शे," ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

दुसऱ्या दिवशी मी वही धोतरात खोचून नदीवर गेलो. पाणी होतं, पण नाव लोटता आली असती. नाववाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रोट सरनात का?"

"सरतीन. तू नाव सोड."

"मूठ मोडीसन जाशी? मन्हा नावमा नई." त्याने दोराचा आणखी एक वेढा गुंडाळला. वर विचारलं, "आणि तुन्ही मोठी माय माले इचारी तवय काय सांगू?"

तुरुंगाला एक दार असतं. माझ्या तुरुंगाचे सगळेच पहारेकरी आपुलकीचे होते, आणि आपुलकी फोडायची हत्यारं मला कुणी शिकवली नव्हती. पाय घासत घरी परतलो. अंगणात पाऊल टाकतो तोच मोठ्या मायने विचारलं, "उपाशीच गया व्हता का रे?"

आता करायचं काय, म्हणून दुपारी तिला म्हटलं, बस, तुझी गाणी तुला वाचून दाखवतो. ती हात पुसून, पदर सावरून बसली, जणू फोटो काढायचाय. मी वाचलं:

"नदीचे जल तोडीत आली हो माते, भिजला पदर पिळीत बसली हो माते."

मोठी माय वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "हाई कोन्हं गानं शे रे भाऊ?"

"तुन्हंच."

"मन्हं? मन्ही कानबाई अशी बोलस का? ती काय मामलेदारीन शे?"

मी वहीत पाहिलं. ती गात होती, "नदीनं पानी तोडतोड ऊनी वं माय." आणि माझ्या हाताने लिहिलं होतं "जल". "शे" कुठे दिसेना. सगळीकडे "आहे". एकही गाणं त्यातून सुटलं नव्हतं. मी काही मुद्दाम केलं नव्हतं, हो. शाळेत "शे" म्हटलं की मास्तर पट्टी उचलत. तेव्हापासून कानात "शे" शिरलं की बोटांतून "आहे" बाहेर पडे. दूध आत, दही बाहेर. ज्या ग्रंथालयात फारसीला फारसी राहू देतात आणि बेटावरच्या माणसाला त्याच्याच बोलीत बोलू देतात, तिथे मी मोठ्या मायला नऊवारी सोडायला लावून, पावडर लावून नेणार होतो.

म्हटलं, आठवून दुरुस्त करू. बसलो. "शे" असं लिहिलं आणि लगेच चुकल्यासारखं वाटून खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा हात अडखळला. घरात अडकलो होतो ते कळत होतं. बोटांतही कुणी कडी घातलीय, हे तेव्हा कळलं.

"मोठी माय, एक डाव म्हन ना परत. तूच म्हन, मी लिखस."

"आते? कानबाई पानीमा गई. कोन्हासमोर गाऊ, तुन्हासमोर? तू काय देव शे?"

रजा संपली तेव्हा टोपलीत रोट होते. रोट संपले तेव्हा मी साहेबांना पत्र घातलं. उत्तर सौजन्याचं आलं. जागा भरली होती. गाणी मिळाली तर मात्र अवश्य पाठवावीत, असं खाली होतं. आबांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी वखर दाखवलं. माझ्या खऱ्या मुलांच्या मुठी पुढे यथावकाश पडल्याच.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा खांबाला टेकून बसलो. या खेपेला मोठ्या मायने नवाच कायदा केला. एक ओळ गायची आणि थांबायचं. मी वाचून दाखवायची. "जल" निघालं की बाकीच्या बायका खोखो हसत आणि ती म्हणे, "मामलेदारीन ऊनी रे, खोड!" असं खोडत खोडत "शे" एकदाचं कागदावर टिकलं. वही टपालाने गेली. दाखल करून घेतल्याची पोच आली. मी मात्र नदी ओलांडून तिकडे कधीच गेलो नाही. कधी कपाशी, कधी बाळंतपण, कधी आबांचं दुखणं.

मोठ्या मायला पोच ऐकवली तर तिचा प्रश्न वेगळाच. "मन्हा शेजारले कोन शे तठे कपाटमा?"

मला काय ठाऊक? पण शिडीवर चढलेला माणूस मी, माहीत नाही कसं म्हणणार? "फारसी कवी शे एक," मी म्हटलं. "दाढीवाला." तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मंग माले जरा सरकाडाले सांग."

तेव्हापासून दर श्रावणात ती विचारी आणि मी शेजारी बदलून देई. हत्तीच्या वैद्यावर ती खूश होती. आमच्या म्हशीच्या खुरांचं त्याला विचारून घे म्हणाली. जैन साधू आला त्या वर्षी तिने भाजीत कांदा टाकला नाही. खोटं बोलायचं, तर जिन्नस भरपूर होता माझ्याकडे, आणि तेवढ्यापुरता मी पुन्हा त्या दालनांतून हिंडून येई.

शेवटच्या वर्षी ती खाटेवरच होती. माझे शेजारी संपत आले होते. म्हटलं, "यंदा सातपुड्यानी एक बाई शे. पावरी बोली बोलस."

तिला हे फार आवडलं. मग म्हणाली, "तिन्हं गानं कोन्ही लिखं?"

"लिहिलं असेल कुणीतरी," मी मास्तरांच्या मराठीत पुटपुटलो.

तिने डोळे न उघडताच बोट हलवलं. "खोड."